कुमुदचं नको

"हे काय आहे?" मी चित्र कुमुदसमोर धरलं.

"नको," कुमुद म्हणाली.

"सफरचंद. म्हण बघू, सफरचंद."

"नको."

"बरं, नुसता स म्हण. स्स."

ती माझ्या ओठांकडे बघत राहिली. तिचा उजवा हात कुणीतरी ठेवून विसरून गेल्यासारखा मांडीवर पडला होता. डाव्या हाताने तिने ते चित्र माझ्याकडून घेतलं. जुन्या कॅलेंडरमधून कापलेलं होतं ते. तिने ते उलटं केलं, मागच्या एकादश्या-चतुर्थ्या वाचल्यासारखं केलं आणि मला परत दिलं.

"नको," ती म्हणाली. या वेळी जरा हसून.

मी तक्त्यात सफरचंदापुढे शून्य घातलं आणि पुढचं चित्र उचललं. ती छत्री होती. छत्रीपुढेही शून्यच पडणार हे आम्हा दोघांना ठाऊक होतं.

श्रावणात कुमुदला पक्षाघात झाला. दवाखान्यातून घरी आली तेव्हा उजवी बाजू गेलेली होती आणि सगळ्या भाषेतून तिच्याकडे एकच शब्द उरला होता. नको. भूक लागली तरी नको, झोप आली तरी नको, वैजूचा फोन आला तरी नको. डॉक्टर म्हणाले, समजतंय सगळं, बाहेर येत नाहीये. बोलणं शिकवणारे लोक असतात, पण ते इथे कराडात नाहीत. पुण्याला बघा.

वैजू आमची एकुलती एक मुलगी, नाशिकला असते. तिच्या घराजवळच अशी एक बाई होती. वैजूने लगेच सगळं ठरवून टाकलं.

"बाबा, दिवाळी झाली की मी आईला घेऊन जाते. तुम्हीपण या."

"तुम्हीपण या" हे तिने मनापासूनच म्हटलं होतं, पण तिच्या दोन खोल्यांत तिचे सासू-सासरे होते, मुलांचे अभ्यास होते. माझी गादी कुठे पडणार, हा विचार तिच्या आवाजात मला ऐकू आला. तसं मला नसलेलंही ऐकू येतं. माझा स्वभावच तो.

"मला थोडा वेळ दे," मी म्हणालो. "मी शिकतोय."

"काय शिकताय?"

"तेच. वाचा गेलेल्या माणसाला बोलायला कसं लावायचं ते. टॅबवर. फुकट आहे."

वैजू हसली. वाईट नाही हसली. ती टॅब तिनेच मला दिली होती. मी निवृत्त होईपर्यंत वाचनालयात पुस्तकांना नंबर घालायचं काम केलं. नंबर घालता घालता पुस्तकं वाचायची, आणि वाचलेलं कुणाला सांगायचं नाही, अशी सवय. टॅबवर परदेशातल्या विद्यापीठांचे वर्ग घरबसल्या ऐकता येतात हे कळलं तेव्हा मला हरखून गेल्यासारखं झालं. प्रश्न विचारणारं कुणी नाही, हजेरी नाही, मागच्या बाकावर बसायलाही कुणाची परवानगी नको. मी आधी आकाशातल्या ताऱ्यांचा एक वर्ग केला, मग प्राचीन रोमचा. रोम अर्धवट राहिलं.

"असं करू," वैजू म्हणाली. "मी संक्रांतीला येते. तोवर आई एक वाक्य बोलली तर राहू दे तुमच्याजवळ. नाही तर मी घेऊन जाणार. मग तुम्ही मध्ये बोलायचं नाही."

मी कधी मध्ये बोललो होतो? पण बरं म्हणालो.

वर्ग आठ पाठांचा होता. शिकवणाऱ्या बाई पांढऱ्या आखूड केसांच्या, बोलताना मान तिरकी करणाऱ्या. प्रत्येक पाठाच्या सुरुवातीला त्या हसून नमस्कारासारखं काहीतरी म्हणत, आणि मीही नकळत मान हलवत असे. त्यांचं इंग्रजी मला झेपेना म्हणून मी वेग कमी करायचो. मग त्यांचा आवाज भांग प्यायल्यासारखा यायचा. कुमुद पलीकडच्या खुर्चीतून ते ऐकून खुदकन हसायची. खाली अक्षरं उमटत, ती मी थांबवून थांबवून वाचायचो. शब्दकोश मांडीवर असायचा. बाईंच्या चित्रांत खारूताई, टोस्टर, बर्फाचा माणूस असलं काय काय होतं. मी त्यांच्या जागी पोळपाट, कुकर, बंब केले.

चौथ्या पाठात बाई कुमुदबद्दल बोलल्या. म्हणजे तिच्यासारख्यांबद्दल. काही लोकांकडे एकच शब्द उरतो आणि प्रत्येक वेळी तोच बाहेर पडतो. तो शब्द उत्तर म्हणून स्वीकारू नका. थांबा. दुसऱ्या शब्दाला यायला जागा द्या.

मी ते वाक्य मागे नेऊन पुन्हा वाचलं, आणि पुन्हा.

वर्गात प्रश्न विचारायची एक जागा होती. जगभरचे लोक तिथे लिहीत. मीही एकदा इंग्रजीत लिहिलं, की माझी पत्नी फक्त एकच शब्द बोलते, तो मी दिवसभर ऐकून न ऐकल्यासारखा करावा काय? पाठवण्याआधी वाचून पाहिलं. व्याकरण चुकल्यासारखं वाटलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा प्रश्नच बावळट वाटला. बाईंनी इतकं स्पष्ट सांगितलंय, आणि हा म्हातारा पुन्हा विचारतोय. मी ते पुसून टाकलं.

दुपारी तीनच्या सुमाराला आमच्या गॅलरीतून ऊन आत येतं आणि बरोबर कुमुदच्या खुर्चीवर पडतं. ऊन डोळ्यांवर आलं की ती "नकोऽ" म्हणायची, शेवट जरा लांबवून. मी उठून पडदा ओढायचो. त्या दिवशी ऊन आलं.

"नकोऽ," कुमुद म्हणाली.

मी उठलो नाही.

"नको."

मी बाईंनी सांगितल्याप्रमाणे थांबलो. तिच्याकडे बघवेना म्हणून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिलो.

"नको! नको!"

"पडदा म्हण," मी म्हणालो. "कुमुद, नुसता प म्हण. मी लगेच उठतो."

तिने बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मग डोळे मिटून घेतले. ऊन सरकून भिंतीवर गेलं तेव्हा मी टॅब उघडली आणि पाचवा पाठ लावला.

पाचवा पाठ आशेचा होता. बाई म्हणाल्या, ज्यांना साधा पेला म्हणता येत नाही असे लोक कधी कधी अख्खं गाणं म्हणतात, अंक म्हणतात, प्रार्थना म्हणतात. पाठ झालेलं बोलणं मेंदूत वेगळ्या कप्प्यात असतं. तिथून शिरा. लयीतलं, यमकातलं काही घ्या. आपण सुरुवात करायची, शेवटचा शब्द त्यांच्यासाठी सोडायचा.

मी शुभंकरोति घेतलं. कुमुदचे ओठ हलले, आवाज आला नाही. चैत्र, वैशाख घेतलं. आषाढापर्यंत तिने मान डोलावली आणि मग कंटाळून खिडकीबाहेर बघायला लागली. बाईंच्या यादीत घरच्या माणसांची नावंही होती.

"वैजू कोण? बरं, राहू दे. माझं नाव काय? सांग. माझं नाव काय आहे?"

कुमुदने डाव्या हाताने पदर सावरला आणि दाराकडे बघितलं. मी शून्य लिहिलं. लिहिता लिहिता थांबलो. तिने माझं नाव उभ्या आयुष्यात कधी घेतलंच नव्हतं. अहो म्हणायची. पोस्टमनने विचारलं तरी "हे घरात नाहीत" म्हणायची. घेतलं असेल ते फक्त उखाण्यात, लग्नात.

उखाणा! लयीतला, यमकातला, पाठ केलेला.

तो मला आठवेना. आठवेना कसला, मी ऐकलाच नव्हता. मी मिरजेला माझ्या मेव्हणीला फोन लावला.

"शालन, मी बोलतोय."

"भावजी? अगं बाई, तुम्ही फोन केलात? ताईला काय झालं?"

"काही नाही. बरी आहे. एक विचारायचं होतं. आमच्या लग्नात हिने जो उखाणा घेतला, तो तुला आठवतो का?"

मग शालन इतक्या मोठ्याने हसली की मी फोन कानापासून लांब धरला.

"अहो, तुम्ही तिच्या शेजारीच बसला होतात की!"

"माझं लक्ष नव्हतं."

"लक्ष कसलं असतंय! पाटाखाली शिरायचं तेवढं बाकी होतं. आमची आत्या म्हणाली, जावयाचं तोंड बघायचं तर जमिनीवर आडवं पडाय लागतंय."

"मग आठवतो का?"

"न आठवायला काय झालं? तुमच्यावरच केला होता तिने. तुम्ही तिला बघायला आला होता ना, तेव्हा तिच्याकडे बघितलंच नाही. आमच्या अण्णांच्या पुस्तकांच्या कपाटाकडे बघत बसला होता. तर हिने काय केलं असेल? ऐका. कपाटात पुस्तक, पुस्तकात खूण, दिगंबररावांचं नाव घेते पारख्यांची सून. आम्ही पोट धरधरून हसलो."

ते हसू मला आठवत होतं. बायका का हसल्या ते मात्र मी कधी विचारलं नव्हतं. माझी टोपी कानावर आली होती, म्हणून हसल्या असणार, असंच इतकी वर्षं धरून चाललो होतो.

"भावजी, आहात का? की तिकडे पण शिरला पाटाखाली?"

"आहे," मी म्हणालो. "पुन्हा एकदा सांग. लिहून घेतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मी कुमुदसमोर खुर्ची ओढली. स्वतःच्या नावाचा उखाणा स्वतःच म्हणायचा, कसंतरीच वाटत होतं. मांडीवर ताल धरला, बाई धरत तसा.

"कपाटात पुस्तक," मी म्हणालो, "पुस्तकात..."

आणि थांबलो.

कुमुदच्या चेहऱ्यावर काहीतरी झालं. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे.

"खूण," ती म्हणाली.

मी उभाच राहिलो. बशी खाली पडून फुटली. कुमुद त्या तुकड्यांकडे बघून हसत होती आणि मी तुकडे वेचता वेचता "पुस्तकात?" "पुस्तकात?" असं पुन्हा पुन्हा विचारत होतो, आणि ती प्रत्येक वेळी सांगत होती. खूण. खूण.

मग आम्ही दुसरं काही केलंच नाही. पुढचे पाठ तसेच राहिले. चित्रं कपाटात गेली. सकाळ, दुपार, संध्याकाळ उखाणा. आधी "सून" आलं. मग "पुस्तकात खूण" एका दमात आलं. नको म्हणाली की मी थांबायचो, ऐकलंच नाही असं करायचो, आणि मांडीवर ताल धरायचो. उखाण्यातलं काही म्हणाली की लगेच पडदा, लगेच पाणी, लगेच शाबासकी. हळूहळू ती नको कमी म्हणायला लागली. मी तेही तक्त्यात मांडत होतो. तो आकडा रोज खाली यायचा, आणि मला वाटायचं, बाईंना हे दाखवता आलं असतं तर.

नाव सगळ्यांत शेवटी आलं. धुंधुरमासातली सकाळ होती, मी तिच्या पायांना तेल लावत होतो. तिने आपण होऊनच सुरू केलं. कपाटात पुस्तक, पुस्तकात खूण. जरा अडली. तिच्या कपाळावर आठी आली. मग म्हणाली, "दिगंबररावांचं नाव घेते पारख्यांची सून."

मी तिच्याकडे बघायला हवं होतं. पण मला वर बघवलंच नाही. तेलाच्या वाटीत बघत बसलो.

संक्रांतीला वैजू आली. पाय धुऊन तिने आईच्या हातावर तिळगूळ ठेवला. शेजारच्या खडके वहिनीही वाण घेऊन आल्या होत्या.

"आई, तिळगूळ घे, गोड बोल," वैजू म्हणाली. आवाज तिने मुद्दाम हलका ठेवला होता. तिची मोठी बॅग मी दाराशी पाहिली होती. ती आईचे कपडे भरायला आणलेली होती, कारण तिचे स्वतःचे कपडे दुसऱ्या पिशवीत होते.

कुमुदने तिळगूळ बघितला, वैजूकडे बघितलं.

"कपाटात पुस्तक, पुस्तकात खूण, दिगंबररावांचं नाव घेते पारख्यांची सून."

"अगो बाई!" खडके वहिनी ओरडल्या. "काकूंनी नाव घेतलं! तेही सणाला!"

वैजू खालीच बसली. आईच्या मांडीत डोकं घालून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "आई, पुन्हा म्हण," आणि तिने पुन्हा म्हटलं. वैजूने फोनवर ते टिपून घेतलं, नवऱ्याला पाठवलं, मिरजेला मावशीला पाठवलं.

"बाबा, तुम्ही जमवलंत," ती म्हणाली. "मी तुम्हाला हसले होते. नाशिकच्या त्या बाई म्हणाल्या होत्या की लवकर सुरू करायला पाहिजे, पहिले काही महिनेच महत्त्वाचे, नंतर फार काही होत नाही. मला त्याचीच धास्ती होती. पण आता काय! एवढं मोठं वाक्य येतंय म्हटल्यावर बाकीचं येईलच. राहू दे तिला इथे."

"दुसरं काही अजून म्हणत नाही," मी म्हणालो.

"येईल हो! तुम्ही म्हणजे ना, प्रत्येक गोष्टीत शंका."

ते खरंच होतं. माझ्या शंकांना कुणी फार किंमत देत नाही, मीही देत नाही. मी तिच्यासाठी तिळगुळाचा डबा भरायला आत गेलो. दुसऱ्या दिवशी ती मोठी बॅग घडी घालून पिशवीत कोंबून वैजू नाशिकला गेली. माझ्या मनासारखं झालं होतं.

खडके वहिनींनी सोसायटीभर सांगितलं. रथसप्तमीपर्यंत बायका हळदीकुंकवाच्या निमित्ताने उखाणा ऐकायला येत राहिल्या. कुमुद प्रत्येकीला म्हणून दाखवायची. कुणी विचारलं, काकू, पाणी हवं का, तरी तेच म्हणायची. कुणी गेली, तरी तेच. बायका टाळ्या वाजवायच्या. "काका, तुमची मजा आहे बुवा," एक जण म्हणाली.

सगळ्यांचं येणं थांबल्यावर मी सहावा पाठ लावला. बाई नेहमीसारख्या हसल्या. मीही मान हलवली.

त्या म्हणाल्या, चौथ्या पाठात आपण एकाच शब्दाबद्दल बोललो होतो. सरावाच्या वेळी तो उत्तर म्हणून घ्यायचा नाही, असं मी सांगितलं. पण सराव संपला की त्या शब्दासारखी मौल्यवान गोष्ट नाही. त्याचा सूर ऐका. तो लांबतो कुठे, तुटतो कुठे, ते ऐका. माणूस तेवढ्यावर अख्खा संसार चालवत असतो. त्याला उत्तर द्या, दरवेळी द्या. तोच वाढवत नेता येतो. तो बंद पडू देऊ नका.

मी चौथा पाठ पुन्हा उघडला. या वेळी बाईंचा वेग कमी केला नाही. खालच्या ओळी थांबवून वाचल्या. "सरावाच्या वेळी" हे शब्द तिथे होते. आधीच्या वाक्यात, ओळीच्या शेवटी.

कुमुद खुर्चीत होती. गॅलरीतून ऊन आत आलं, तिच्या पायांवर, मग मांडीवर, मग चेहऱ्यावर. मी टॅब बाजूला ठेवून वाट बघत बसलो. तिने डोळे किलकिले केले. डावा हात थोडा उचलला.

"कपाटात पुस्तक," ती म्हणाली, "पुस्तकात खूण."

मी पडदा ओढला. ओढून तिच्याजवळ आलो आणि म्हणालो, "कुमुद, नको म्हण. ऊन नको. नको." ती माझ्या ओठांकडे बघत राहिली, पूर्वी सफरचंदाच्या वेळी बघत होती तशीच.

पुढे वैजूने तिला नेलंच. नाशिकच्या बाईंनी खूप खटपट केली. मध्यंतरी एखादा छोटा झटका येऊन गेला असेल, तपासणीत नीट दिसत नाही, असं तिथले डॉक्टर म्हणाले. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले, की तसंच होतं, हे मला कळलं नाही. कुमुद तिथेच गेली. आजारात तिला कुठे दुखतं ते शेवटपर्यंत कुणाला समजलं नाही. नर्स म्हणायच्या, आजी किती गोड आहेत, आजोबांचंच नाव घेतात. या सगळ्याला आता बरीच वर्षं झाली. त्या वर्गाचे सातवा आणि आठवा हे पाठ मी अजून पाहिलेले नाहीत.

पण मला सांगायचं आहे ते त्या पडद्यानंतरच्या दुसऱ्या दिवसाचं.

मी सकाळी मंडईतून कारली आणली. कुमुदने कारलं कधी खाल्लं नाही. लग्न होऊन घरी आली त्या आठवड्यात माझ्या आईने तिच्या ताटात कारल्याची भाजी वाढायला घेतली, तर तिने ताटावर हात आडवा धरला आणि म्हणाली, "नको." नवी सून, सासूला. आई महिनाभर ते लोकांना सांगत होती. तेव्हापासून आमच्या घरात कारलं आलं नाही.

मी ते चिरलं, मीठ लावलं नाही, पिळलं नाही, गूळ घातला नाही. नुसतं तेलावर परतलं. आधी स्वतः चाखून पाहिलं. जीभ आत ओढली गेली इतकं कडू होतं.

कुमुदपुढे ताट ठेवलं. चमच्यात एक फोड घेतली आणि तिला नीट दिसेल अशी धरली.

"कारलं आहे," मी म्हणालो. "कुमुद, कारलं. बघ."

तिने फोडीकडे बघितलं. वास तिच्यापर्यंत गेला, कारण तिच्या नाकपुड्या हलल्या. ती माझ्याकडे बघायला लागली. मी मांडीवरचा हात मुठीत घट्ट धरला होता, चुकूनही ताल धरला जाऊ नये म्हणून.

"दिगंबररावांचं नाव घेते," ती अगदी हळू म्हणाली, "पारख्यांची सून."

मी चमचा तसाच धरून बसलो. ती थोडा वेळ थांबली.

मग तिने तोंड उघडलं.